भागूअक्काचं पाणी

भागूअक्काला हळू बोलता येत नसे. सगळा जन्म तलावावर गेलेला, एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक पोचवायची सवय. त्यामुळे हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशीसुद्धा ती पैलतीरावरच्या माणसाशी बोलावं तशी बोले. गावात कुणाची सोयरीक जुळत असली, कुणाकडे पाळणा हलायचा असला, तर ती बातमी अक्कापासून जपावी लागे. चहाडखोर ती मुळीच नव्हती. पण ‘कुणाला सांगू नगंस’ हेसुद्धा ती अशा आवाजात म्हणे की बंधाऱ्यावर चरणारी गुरं माना वर करत.

हिप्परग्याच्या तलावाकाठच्या त्या गावात मी शाळेत शिक्षिका म्हणून गेले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सोलापूर हाकेच्या अंतरावर, पण गावात मुक्कामाला राहणारी शिक्षिका मी एकटीच. माहेर वेळापूरकडचं, घरी शेती. मासा आमच्या घरात कधी शिजला नव्हता. मला खोली मिळाली ती नेमकी भोई मंडळींच्या घरांना लागून. अंगणात जाळी वाळत घातलेली, वाऱ्याबरोबर ओलसर वास थेट माझ्या चुलीपर्यंत. पहिल्या रात्री मी नाकाला पदर लावून झोपले आणि सकाळी बदलीचा अर्ज कसा लिहायचा याचा विचार करत उठले.

दाराशी अक्का उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापून काळी कुळकुळीत झालेली, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. नवरा कधीच वारलेला, मुलगा रेल्वेत गँगमन म्हणून दौंडकडे, सून आणि नातवंडं हिच्यापाशी. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, मासं खाता का. मी नाही म्हटलं. त्यावर तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की नवीन बाई मासं खात न्हाय, पण आजून ल्हान हाय, शिकंल.

शिकले. त्याच आठवड्यात तिनं माझ्या चुलीवर मरळीचं कालवण केलं. राखेनं चोळून चोळून मासा स्वच्छ केला, चिंच, शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला घातला, काटे स्वतः काढून दिले. पहिली भाकरी मी डोळे मिटून खाल्ली. दुसऱ्या भाकरीला डोळे उघडले.

गावातली चार-दोन रिकामटेकडी पोरं मी शाळेत जाताना पारावरून काहीबाही बोलत. मी मान खाली घालून जाई. अक्काच्या ते कानावर गेलं. संध्याकाळी ती माशांची पाटी डोक्यावर घेऊन पारासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ही बाई माजी भाची हाय. काय बोलायचं आसंल त्ये माज्याशी बोला.” आमचं नातं नव्हतं, जात एक नव्हती, आणि हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून गावानं ते नातं मान्य करून टाकलं. पुढं पुढं तर माझ्या लग्नाच्या याद्यांच्या वेळी मामी, म्हणजे अक्का, कुठं आहे म्हणून गावकऱ्यांनी चौकशी केली.

अक्काकडे नाव नव्हती. गुऱ्हाळावर गूळ आटवायची मोठी लोखंडी काहील असते, तसली एक जुनी काहील तिनं सासऱ्याच्या काळापासून सांभाळली होती. ती पाण्यात लोटायची, आत बसायचं आणि हातातल्या फळीनं वल्हवायचं. काहील गोल, तिला पुढं-मागं काही नसतं, जोर जरा चुकला की जागच्या जागी गरगर फिरते. मी एकदा हौसेनं बसले तर पाच मिनिटांत डोकं फिरलं. अक्का मात्र ती सरळ रेषेत न्यायची. काहिलीत बसल्यावर ती माशाचं नाव घेत नसे. ‘त्ये’ म्हणायची. “आज त्ये लई खाली हायती.” काठाला लागल्यावर पुन्हा मरळ मरळ व्हायची आणि वाम वाम.

चैत्र लागला की तलाव मागं सरायला लागे. पाणी गेलेल्या गाळावर लोक काकड्या, कलिंगडं लावत, आणि त्या वेलांच्या पलीकडून अक्काची वाट सुरू होई. तिचा खरा हंगाम हाच. पावसाळ्यात पाणी पसरलेलं, मासा कुठं गेला कुणी सांगावं. चैत्र-वैशाखात पाणी आवळून येतं तसा मासाही एकवटतो. पहाटे गारवा असेतो तो काठाच्या उथळात येई, ऊन चढलं की खोल जाई, आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटून लाटा काठाला आपटू लागल्या की ढवळलेल्या पाण्यात पुन्हा वर फिरकू लागे. काहिलीत पाय ठेवण्याआधी अक्का ओंजळभर पाणी तोंडात घेऊन खुळखुळवायची आणि थुंकायची. पाणी गोड लागलं तर जाळं टाकायची. जड लागलं तर काहील पालथी घालून घरी यायची आणि सुनेशी भांडत बसायची. जड म्हणजे काय, हे मी पुष्कळदा विचारलं. “जड म्हंजे जड की,” याच्यापुढं ती कधी गेली नाही.

मिळेल तो मासा ती घेई, रोहू, शिंगटा, वाम, झिंगेसुद्धा. पण जीव मरळीवर. मरळ थोड्याशा पाण्यात दिवसभर जिवंत राहते, म्हणून घागरीत घालून ती सोलापूरला नेता येई. सात रस्त्याला एसटीतून उतरून अक्का पायी विणकरांच्या गल्ल्यांत शिरे. मी एकदा शाळेसाठी खडू-फळे आणायला तिच्याबरोबर गेले होते. मागांचा खडखडाट आणि त्याच्यावर अक्काचा आवाज, “चेपा, चेपा,” म्हणजे तेलुगूत मासे. तेलुगू बायका दारात आल्या. त्यांची तेलुगू, हिची मराठी, मध्ये चारदोन दखनी शब्द, आणि भाव ठरला. एका म्हातारीनं मरळ घेतल्यावर अक्काला बसवून घेतलं आणि दोघी आपापल्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिल्या. काय बोललीस, असं परतताना विचारलं तर म्हणाली, तिच्या लेकीला सासरी त्रास हाय. ते तिला कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

चैत्रातच मरळीची पिल्लं निघतात. शेंदरी रंगाच्या बारीक पिल्लांचा थवा पाण्याच्या वर वर फिरतो, लांबून कुंकू सांडल्यासारखा दिसतो, आणि खाली आईबाप राखण करत असतात. तेव्हा मरळ धरायला अगदी सोपी. ती पिल्लं सोडून पळत नाही. अशी मरळ अक्का धरत नसे. तिच्या दिराचा मुलगा निवृत्ती, तरणाबांड, हाताला चलाख, त्यानं एकदा धरली. मोठी होती. त्यानं ती घरी आणून पातेल्यात ठेवली आणि बायकोला मसाला वाटायला बसवलं. अक्काला तलावावर ते पिल्लांचं कुंकू विस्कटलेलं दिसलं. ती तशीच निवृत्तीच्या घरात शिरली, पातेलं उचललं आणि चालू लागली. निवृत्ती मागून ओरडत, त्याच्या मागून त्याची बायको मसाल्याच्या हातानं. पाण्याशी जाईतो मरळ कलली होती. अक्का कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि दोन्ही हातांत तिला धरून पुढं-मागं, पुढं-मागं करत उभी राहिली. आम्ही काठावर. बराच वेळ गेला. मग मासा तिच्या हातातून निसटला. अक्का बाहेर आली, निवृत्तीला म्हणाली की संध्याकाळी दुसरी आणून देते, आणि आणून दिली. पण ‘लोकांच्या पोटापेक्षा काकीला मासं मोठं’ हे निवृत्तीनं मनात धरलं ते धरलंच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याच्याबद्दल पुष्कळांनी सांगितलंय. मी फक्त तलावाचं सांगते. हिवाळ्यातच पाणी चैत्रासारखं दिसायला लागलं, आणि चैत्रात बंधाऱ्याच्या भिंतीशी एक डोह तेवढा राहिला. बाकी सगळा भेगाळलेला गाळ. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. मुलं मदतीतलं सुकडीचं पीठ खाऊन शाळेत येत, आणि घरी मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकऱ्या, त्याही पुरत नसत. त्या डोहात तलावभरचे मासे येऊन दाटले होते. भोई मंडळींनी काय करायचं ते अक्कानं ठरवायचं, कारण वयानं तीच थोर. तिनं ठरवलं की काठाच्या डबक्यांतलं, गाळातलं काय मिळेल ते घ्यायचं, पण डोहात जाळं टाकायचं नाही. बी खाल्लं तर पेरायचं काय, असं तिचं म्हणणं.

निवृत्तीची धाकटी मुलगी माझ्या बालवर्गात होती. तिचे पाय काड्यांसारखे झाले होते. अक्काच्या ओट्यावर जमलेल्या माणसांत निवृत्ती उभा राहून म्हणाला, “मासं ठिवून काय करायचं काकी? पोरं मेल्यावर त्येंचं श्राद्ध घालायचं?” अक्कानं शब्द मागं घेतला नाही. भाऊबंदांनी तो पाळला, निवृत्तीनंही पाळला, फक्त तो तिच्याशी बोलायचा थांबला. अक्का स्वतःच्या वाट्याची सुकडी त्या पोरीला आणून घाले. त्यानं मुलीला अडवलं नाही आणि अक्काकडे पाहिलंही नाही.

वैशाखात वारा पडला. पश्चिमेचा वारा येईचना. आभाळ ढगाळून यायचं, नुसतं कोंदून राहायचं. डोहाचं पाणी हिरवं, दाट झालं. एका सकाळी निकालाच्या कामासाठी मी शाळेकडे निघाले तर बंधाऱ्यावर अक्का उकिडवी बसलेली दिसली. डोहभर माशांची तोंडं वर आली होती. उघडत होती, मिटत होती. काही मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आणि काठाला बगळ्यांची रांग लागली होती. अक्कानं पाणी तोंडात घेतलं, थुंकली, आणि पुन्हा घेतलं. मी काय झालं म्हणून विचारलं. ती माझ्याकडे न बघता उठली आणि खडीच्या कामाकडे चालू लागली. काम सोडून मीही मागं गेले.

सारं गाव तिथं होतं. घणांचा आवाज चालू होता. अक्का निवृत्तीसमोर जाऊन उभी राहिली.

“निवृत्ती, तू म्हनत हुतास त्येच खरं. माजं चुकलं. हे पानी आता मासा जगवत न्हाय. जाळी काडा.”

तिचा आवाज नेहमीचाच, त्यामुळे ते प्रत्येकाला ऐकू गेलं. घण थांबले. निवृत्तीनं खाली बघतच म्हटलं, “आदी कळलं आसतं तर?”

“आदी कळलं आसतं तर आदी सांगितलं आसतं,” अक्का म्हणाली.

त्यानं घण खाली ठेवला.

त्या दिवशी डोहात सगळं गाव उतरलं. जाळी, धोतरं, पाट्या, जे हाती लागेल ते. मेलेले मासे बाजूला काढून पुरले, धापा टाकणारे घेतले. विकायचा कुणी विषयही काढला नाही. अक्कानं काहील राखेनं आणि चिंचेनं घासून लख्ख केली आणि शाळेच्या अंगणात तीन मोठ्या दगडांवर चढवली. जिच्यात बसून ती जन्मभर तलावावर फिरली तिच्यात त्या संध्याकाळी कालवण रटरटत होतं. माळकरी मंडळी लांब झाडाखाली बसली, त्यांना गावानं डाळ शिजवून दिली. बाकी सगळे एका पंक्तीला. निवृत्तीच्या मुलीला अक्का काटे काढून भरवत होती. निवृत्ती शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, काकी, तूबी खा की. अबोला धरल्यापासून तो आपणहून बोलला तो हा पहिल्यांदाच. अक्कानं खाल्लं नाही. पोट भरलंय म्हणाली.

पण त्याआधी, दुपारीच, तिनं आणखी एक गोष्ट केली होती. जाळ्यात आलेल्यांतले तरतरीत रोहू, कटला आणि मरळी तिनं निवडून घागरीत ठेवल्या. गावात पाणी टिकून असलेली विहीर एकच, माळावरच्या तात्यांची. तात्या कट्टर माळकरी, कांदासुद्धा न खाणारे. प्यायच्या विहिरीत मासे सोडायचे म्हणून लोक आधी नको म्हणाले. मलाही वाटलं, तात्या काठी घेऊन मागं लागतील. अक्का घागर डोक्यावर घेऊन त्यांच्या दारात गेली आणि सरळ म्हणाली, “तात्या, गावात मासा न खानारं घर तुमचं एकच. म्हून तुमच्याकडं आलिया.”

तात्या बराच वेळ गळ्यातली माळ चाचपत बसले. मग म्हणाले, “सोड.”

घागरी भरून भरून माणसांनी रांग लावली. काही मासे वाटेतच गेले. किती जगले ते अक्का सांगत नसे, ती मासे कधी मोजत नसे.

पुढच्या पावसाळ्यात तलावात पाणी आलं. ते स्थिरावल्यावर अक्का आणि निवृत्ती जाळं घेऊन तात्यांच्या विहिरीवर गेले. मासे अंगानं भरले होते. तात्या रोज देवपूजा झाली की ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या करून त्यांना टाकत, हे तेव्हा कळलं. सगळे नेऊ नगा, दोन ऱ्हाऊ द्या, असं ते अक्काला हळूच म्हणाले. अक्कानं ते हळू ठेवलं नाही, ते सांगायला नकोच. सरकारनंही मग तलावात मत्स्यबीज सोडलं. त्यामुळे पुढं जे मासे वाढले ते विहिरीतले की सरकारी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. अक्का मात्र मोठा कटला जाळ्यात आला की काठावरून हाक देई, “तात्या, तुमचा हाय.” तात्या कानावर हात ठेवत आणि हसत.

त्या उन्हाळ्यात अक्का आधी चुकली की नंतर, यावर गावात पुष्कळ बोलणं झालं. आधीच डोह उपसला असता तर पोरांना महिनाभर आधी मासा मिळाला असता. विहिरीत टाकायला मात्र काही उरलं नसतं. मला यात निवाडा करता येत नाही. मला आठवते ती खडीच्या ढिगाऱ्यांमध्ये उभी राहून, सगळ्यांदेखत, लहान वयाच्या पुतण्याला ‘माजं चुकलं’ म्हणणारी बाई. मी पुढं मुख्याध्यापिका झाले. वर्गात माझं काही चुकलं की मला ते मोठ्यानं सांगता यायचं. ते मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही.

लग्नानंतर माझी बदली दुधनीला झाली. तिथं बाजारात कानडी बायका मासे घेऊन येत. मी मासा हातात घेऊन कल्ले उघडून बघायला लागले की त्या माझ्याकडे कौतुकानं बघत. एका बाईनं विचारलं, आई कोळीण का. मी म्हटलं, मामी.

मुलगी झाली, आणि ती सहा महिन्यांची होईतो मला हलता आलं नाही. मग वैशाखातच, सुट्टी लागल्यावर, तिला घेऊन मी हिप्परग्याला गेले. निरोप पाठवायला सवड झाली नव्हती. दुपारची वेळ. भोई आळीत सामसूम होती. अक्काची सून अंगणात चिंचेच्या सावलीला जाळं विणत बसली होती आणि तिच्या शेजारी चटईवर अक्का गाढ झोपली होती. खूप वाळली होती. केस पुरते पांढरे झाले होते. सून हलक्या आवाजात म्हणाली की महिनाभर ताप येतो-जातोय, रात्रीचा डोळ्याला डोळा लागत नाही, आज कुठं जरा झोप लागली. “पर उटवते की, तुमी आल्यासा म्हटल्यावर लई आनंद व्हईल.” मी नको म्हटलं. बसते, उठल्यावर बोलते.

मुलगी माझ्या मांडीवर पेंगली होती. सुनेनं तिला अलगद घेतलं आणि अक्काच्या कुशीशी चटईवर ठेवलं. पोरगी जरा कुरकुरली. अक्कानं डोळे उघडले नाहीत. नुसता हात पुढं आला, बाळाच्या पाठीवर पडला आणि थोपटायला लागला. पोरगी शांत झाली. हात थोपटतच राहिला.

आम्ही दोघी हळू हळू बोलत राहिलो. निवृत्तीची मुलगी आता सातवीत होती. तात्या गेले. तलावाकडून वारा आला, चिंचेची पानं त्या दोघींच्या अंगावर पडत होती. मी दोनदा उठून पाहिलं, अक्काची झोप मोडली नव्हती. सोलापूरला शेवटची दुधनीची गाडी गाठायची होती, घरी सासरे आजारी. पुढच्या महिन्यात पुन्हा येते, तेव्हा राहीन, असं मी सुनेला सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं. पण पावसाळ्यातच अक्का गेल्याचं कळलं, आणि ते येणं राहिलं.

निघताना मी वाकून मुलीला उचललं. अगदी हलक्या हातानं. अक्काला कळलं नाही. तिचा हात खाली चटईवर टेकला आणि तिथंही थोडा वेळ तसाच, हळूहळू, थोपटत राहिला.